शालेय बुद्धिबळ स्पर्धेतील जोड्या

वाकड १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले, आणि येथील शाळांचे बुद्धिबळपटू शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांत पुणे ग्रामीणऐवजी या महापालिका क्षेत्राचे प्रतिनिधित्व करतात. कारण त्या स्पर्धांच्या रचनेत महापालिका क्षेत्राला स्वतंत्र जिल्ह्यासारखे स्थान आहे. महापालिका क्षेत्रातून विभाग, विभागातून राज्य आणि तेथून राष्ट्रीय शालेय स्पर्धा अशी ही चढण असून १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलांचे व मुलींचे गट वेगवेगळे असतात. ही व्यवस्था पाहणाऱ्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाचे मुख्यालय वाकडहून मुळा नदी ओलांडली की लागणाऱ्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात आहे. याखेरीज शाळा आणि खासगी संस्था सुटीच्या दिवशी ज्या एकदिवसीय स्पर्धा भरवतात त्यांचा व्याप निराळा. मात्र सभागृह एक, दिवस एक आणि मुले पुष्कळ, ही अडचण दोन्हीकडे सारखीच असते.

६४ मुलांच्या स्पर्धेत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे साखळी पद्धत अवलंबायची, तर ६३ फेऱ्या आणि २०१६ डाव होतील. बाद पद्धतीने सहा फेऱ्यांत विजेता ठरतो; नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमी येथे जिंकलेला महिला विश्वचषक याच पद्धतीचा होता; पण शाळकरी मुलांच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीनंतर ३२ जणांना घरी पाठवणे हे खेळाच्या प्रसाराशी विसंगत ठरते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे १८९५ मध्ये झुरिक येथे प्रथम वापरली गेलेली आणि म्हणून ‘स्विस’ म्हटली जाणारी पद्धत होय. तीत कोणीही बाद होत नाही, सर्वजण ठरलेल्या फेऱ्या खेळतात आणि प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेल्यांचीच गाठ घातली जाते. डाव प्रत्येकी १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंदांची भर अशा वेळेचा असेल, तर साठ चालींचा डावही ४० मिनिटांत आटोपतो व सहा फेऱ्या एका दिवसात बसतात.

पहिल्या फेरीपूर्वी खेळाडूंची मानांकनानुसार यादी करून तिचे दोन भाग पाडले जातात आणि वरच्या भागातील पहिल्याची जोडी खालच्या भागातील पहिल्याशी लावली जाते, म्हणजे ४० खेळाडूंत क्रमांक १ विरुद्ध २१, २ विरुद्ध २२. पुढे हीच विभागणी प्रत्येक गुणगटात, म्हणजे समान गुण असलेल्यांच्या समूहात, होते. गटातील संख्या विषम असेल तर एक खेळाडू खालच्या गटात उतरतो. एकदा भेटलेले दोघे पुन्हा भेटत नाहीत. पांढऱ्या मोहऱ्यांची चाल पहिली असल्याने तो किंचित लाभ सर्वांना सारखा मिळावा म्हणून एकच रंग लागोपाठ तीनदा येऊ दिला जात नाही. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्यांपुरता त्याला अपवाद होऊ शकतो. एकूण खेळाडू विषम असतील तर तळच्या गटातील एकाला न खेळता पूर्ण गुण, म्हणजे ‘बाय’, मिळतो, आणि तो एकाच खेळाडूला दुसऱ्यांदा दिला जात नाही. पूर्वी पंच प्रत्येक खेळाडूच्या नावाचे कार्ड ठेवून हे सारे हाताने जुळवीत. आता संगणक ते काही क्षणांत करतो.

मुलांच्या स्पर्धेत या पद्धतीची खरी अडचण आरंभीच्या यादीत आहे. मार्च २०२४ पासून आंतरराष्ट्रीय मानांकनाची किमान मर्यादा १४०० झाल्याने बहुसंख्य शाळकरी खेळाडूंना मानांकनच नसते, आणि मानांकन नसलेल्यांची नावे वर्णानुक्रमाने लागतात. परिणामी दोन तयार मुले पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ शकतात, आणि त्यात कोणाचा पक्षपात नसून केवळ नावाच्या आद्याक्षराचा योगायोग असतो.

याहून अधिक गैरसमज समान गुणांबाबत होतात. सहा फेऱ्यांत दोघांचे पाच-पाच गुण झाले, तर क्रम ठरवण्यासाठी बहुधा ‘बुकोल्झ’, म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो त्या सर्वांच्या अंतिम गुणांची बेरीज, पाहिली जाते. पहिली फेरी हरून पुढच्या पाच जिंकणाऱ्याला सुरुवातीला तळचे प्रतिस्पर्धी मिळतात. पाच जिंकून शेवटी विजेत्याकडून हरणारा मात्र बहुतेक वेळ वरच्या पटांवर खेळलेला असतो, त्यामुळे त्याची बेरीज सामान्यतः मोठी भरते. ‘आमच्याच मुलाला अवघड जोड्या दिल्या’ ही पालकांची तक्रार म्हणूनच बहुतांशी निराधार आहे. अवघड जोडी ही आधीच्या विजयांतून येते, आणि बरोबरीच्या वेळी तीच कामी येते. अर्थात हा न्याय अपुराच, कारण आपल्या प्रतिस्पर्ध्याने पुढे किती डाव जिंकावेत हे कोणत्याही मुलाच्या हाती नसते.

संगणक मात्र त्याला सांगितलेला निकालच खरा मानतो. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंनी पंचांना निकाल कळवायचा असतो. लहान गटांत तो कधी उलटा सांगितला जातो आणि त्यावरून पुढची जोडीही चुकीची लागते. तेव्हा पालकांनी मुलांना भिंतीवरच्या यादीत आपल्या नावापुढचे गुण वाचायला शिकवावे, आणि चूक दिसल्यास पुढची फेरी सुरू होण्याआधीच पंचांना सांगायला लावावे. एकदा घड्याळे सुरू झाली की त्या जोड्या बहुधा बदलल्या जात नाहीत.