‘नांदणे’ आणि ‘निवास’ : परदेशी जोडीदाराच्या मुदतबाह्य वास्तव्याविषयी

बोलींच्या अभ्यासासाठी शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ग्रामस्थ पुष्कळदा सरकारी कागद वाचावयास ठेवतात. अशा कागदांतील शब्द व घरातील शब्द यांत केवढे अंतर असू शकते, याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखात घेतले आहे.

नोकरीनिमित्त परदेशी गेलेला मुरबाडकडील एखादा तरुण तेथील पत्नीसह गावी परतला, ती भेटीच्या व्हिसावर आली आणि मुदत संपल्यावरही राहिली, असे समजू. गावाच्या दृष्टीने ती ‘नांदते’ आहे. या क्रियापदात विवाह, घर व हक्क हे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मुदतीची कल्पना त्यात नाही. कायद्यास मात्र केवळ ‘निवास’ ठाऊक आहे, आणि निवासास मुदत असते.

नागरिकत्व अधिनियम, 1955 याच्या मूळ कलम 5 मध्ये भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या ‘स्त्रिया’ नोंदणीस पात्र होत्या. त्या खंडात निवासाची अट नव्हती. 1986 च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ती’ आल्या व पाच वर्षांच्या निवासाची अट आली. 2003 च्या दुरुस्तीने ती सात वर्षे झाली आणि अवैध स्थलांतरितास नोंदणीचे दार बंद झाले. वैध पारपत्रावर येऊन मुदतीपलीकडे राहणारा परदेशीयही या संज्ञेत मोडतो. 2019 च्या दुरुस्तीतील विशिष्ट समूह तेवढे अपवाद. अर्थात चोरवाटेने आलेला आणि मुदत टळलेली सून, दोघेही एकाच शब्दाखाली येतात. विवाहाकडून निवासाकडे आणि निवासाकडून वैधतेकडे असा हा अर्थाचा प्रवास आहे.

मग मार्ग कोणते? व्हिसा जिवंत असतानाच नागरिकाचा जोडीदार म्हणून प्रवेश-व्हिसात रूपांतर मागणे, हा सर्वांत सोपा मार्ग होय. विवाह भारतात विशेष विवाह अधिनियम, 1954 अन्वये करावयाचा असल्यास नोटिशीचे तीस दिवस आधीच हिशेबात धरावे लागतात. मुदत टळल्यावर लपून न राहता परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्यापुढे स्वतः जाणे श्रेयस्कर. जिल्ह्यात हे काम सामान्यतः पोलीस अधीक्षकांकडे असते. तेथे दंड भरून वास्तव्य नियमित होऊ शकते, किंवा निर्गमन-परवाना घेऊन परत जाऊन योग्य व्हिसावर पुन्हा येता येते. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियमाप्रमाणे अशा वास्तव्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदविलेला विवाह सलग दोन वर्षे टिकल्यास परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशी नागरिकत्वाचा पूर्वसंबंध असणाऱ्यांस मात्र ते मिळत नाही.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा लक्षणीय आहे. ‘अवैध स्थलांतरित’ याच्या व्याख्येत मुदतीपलीकडे ‘राहतो’ असे वर्तमानकाळी क्रियापद आहे, ‘राहिला होता’ असे नाही. म्हणून वास्तव्य एकदा नियमित झाल्यावर ती व्याख्या लागू राहत नाही, असे वाचन संभवते. निर्णय अर्थातच सक्षम अधिकाऱ्याचा. पण वास्तव्य आधी नियमित करावे व मगच नागरिकत्वाचा अर्ज करावा, हा क्रम त्या क्रियापदातूनच सुचतो.

विवाहामुळे राहण्याचा हक्क आपोआप उपजत नाही. जीवित व स्वातंत्र्य यांचे संरक्षण परदेशीयासही आहे, पण देशात वसण्याचा मूलभूत हक्क नागरिकासच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये लुई डी रेड्ट प्रकरणी स्पष्ट केले. ‘ती आमच्या घरी नांदते’ हे कुटुंबाचे विधान खरे असते. ते कायद्याच्या भाषेत अनुवादित होत नाही, एवढेच. तो अनुवाद मुदत संपण्यापूर्वी कोणी करून दिला, तर एक घर मोडण्यापासून वाचते. कागद वाचावयास बसलेल्या विद्यार्थ्याने प्रथम त्यावरील तारीख पाहावी.