मैत्रीसाठी दोन घटिका

पडेगावातून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी शटर वर गेले की व्यापारी कुटुंबाचा दिवस सुरू होतो. माल, उधारी, जीएसटीचे विवरणपत्र. त्यातून उसंत मिळते न मिळते तोच नात्यातील लग्न, कुणाच्या तपाचे पारणे, कुणाचा उठावणा. ही कर्तव्ये ओझे नव्हेत. अडीअडचणीला धावून येतात ती हीच माणसे. परंतु या धावपळीत शाळासोबत्याची आठवण मागे पडते.

गतवर्षी संवत्सरीला मी शेकडो जणांना पाठविलेला क्षमापनेचा संदेश एका बालमित्रालाही पाठविला. उत्तर त्याच्या मुलाने दिले : ज्येष्ठात बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मित्राचे घर माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर. त्याच महिन्यात मी नात्यातील पाच लग्नांना हजर होतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे शब्द त्या दिवशी प्रथमच जड वाटले.

आपल्या परंपरेने श्रावकाला सामायिक सांगितले आहे. दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे. तेवढा वेळ व्यवहार दूर राहतो आणि घरातील कोणी त्याला स्वार्थ म्हणत नाही. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांतही पहिला मान मैत्रीचा. ती सर्व जीवांविषयी आहे, हे खरे. पण जवळच्या मित्राचे दार ज्याला ठोठावता येत नाही, त्याची विश्वमैत्री शब्दांतच राहते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद (1882–1953) यांचे मन घरच्या कापूस-सावकारीत रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांना सोबती करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. त्या भागीदारीचे नाव पुढे ‘फाटक-वालचंद’ झाले. घराबाहेर निवडलेल्या या सोबत्याने घराचे काही हिरावले नाही. उलट वालचंदांचे भाऊही पुढे त्यांच्या उद्योगांत आले.

म्हणून सामायिकाप्रमाणेच मैत्रीचीही वेळ ठरवावी व घरी आधीच सांगावी. ही मुभा केवळ पुरुषांची नसावी. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या मैत्रिणी तिच्या माहेरगावीच राहिलेल्या असतात. तिच्या फोनची वेळही घराने जपावी.

आता दर बुधवारी गल्ल्यावर धाकटा भाऊ बसतो. माझा चौविहार मित्राला ठाऊक आहे, म्हणून तो पाचलाच चहा टाकतो.