पावसाळ्यात समुद्राचा फोटो काढताय? आधी तिथी बघा, मग मोबाईल काढा

सकाळी ऊन, दहाच्या सुमारास जोराची सर, दुपारी पुन्हा ढगाआडून उन्हाची तिरीप. जून ते सप्टेंबर रत्नागिरी जिल्ह्यातला किनारा दिवसातून चार वेळा रंग बदलतो. फोटोसाठी यापेक्षा चांगले दिवस नाहीत, आणि पाण्याचा धोकाही याच दिवसांत जास्त. पाण्याच्या जवळ जाण्यापेक्षा नेमकी वेळ साधली, तर साध्या मोबाईलवरही फोटो चांगला येतो. ही वेळ कशी ओळखायची?

तिथीवरून भरतीचा हिशोब

दर्यावर्दी मंडळींचा जुना हिशोब आजही कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

फोटोसाठी याचा अर्थ काय? पौर्णिमा-अमावस्येच्या संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं. ओल्या पुळणीवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं, आणि ते वरच्या कोरड्या वाळूवरूनही टिपता येतं. मात्र याच दिवसांत दुपारी उधाणाची भरती असते, तेव्हा लांबच राहावं. नवमी ते द्वादशीला संध्याकाळी पाणी चढत असतं. कातळावर गेलेल्या माणसाच्या मागच्या घळीत पाणी कधी भरतं ते त्याला कळतही नाही. त्या दिवशी कातळावर जाऊच नये.

सर येण्याआधी आणि गेल्यावर

पाऊस बहुतेक वेळा समुद्राकडूनच येतो. क्षितिजावर राखाडी पडदा दिसला आणि वारा एकदम गार झाला, की सर जवळ आली समजा. तो पडदा आणि त्याच्या अलीकडचं उजेडाचं पाणी, असा फोटो लांबूनच घ्या आणि आडोसा गाठा. विजा दिसल्या तर माडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

सर गेल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. हवा धुऊन निघालेली असते आणि लांबचंही स्वच्छ दिसतं. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला उमटतं. त्यामुळे आपल्याकडे समुद्रावरचं इंद्रधनुष्य सकाळी बघायला मिळतं. संध्याकाळी पाठ फिरवून डोंगराकडे बघा, ते तिकडे असेल.

मोबाईलमध्ये काय करायचं?

• आधी भिंग पुसा. खाऱ्या वाऱ्यात काही मिनिटांत मिठाचा थर बसतो आणि फोटो धुरकट येतो. सुती कापड खिशात ठेवा.
• स्क्रीनवर उजळ ढगावर बोट टेकवा. सूर्याचं चिन्ह दिसलं तर ते थोडं खाली ओढा. ढगांचा खरा रंग येईल, आभाळ पांढरंफटक होणार नाही.
• सेटिंगमधून ग्रिडच्या रेषा चालू करा आणि क्षितिज त्या रेषेला सरळ धरा. समुद्र तिरका दिसला की फोटो फसला.
• बोटांनी झूम करू नका. नंतर कापून घेतलेलं बरं.
• नुसतं पाणी-आभाळ नको. शाकारून ठेवलेली होडी, जाळी, माड असं काहीतरी चौकटीत घ्या, म्हणजे लाट किती मोठी तेही कळतं.

उभं कुठे राहायचं?

उंचावर. आरे-वारेचा समुद्र वरच्या रस्त्यावरून पूर्ण दिसतो. हर्णैला बंदराच्या बाजूने सुवर्णदुर्ग चौकटीत येतो. रस्त्यावर गाडी वळणावर थांबवू नका. जेटीचं टोक, शेवाळलेला कातळ आणि खाडीचं मुख टाळा. लाटेकडे पाठ करून सेल्फी तर नकोच. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल किंवा बंदरावर बावटा लागला असेल, तर त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊ नका. कोणी पाण्यात ओढला गेला तर मागे उडी मारू नका. दोरी, ट्यूब किंवा रिकामा कॅन फेका आणि ११२ वर फोन करा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

मोबाईल खाऱ्या पाण्यात भिजला तर

‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या मोबाईलची चाचणी साधारणपणे गोड्या पाण्यात होते. खारं पाणी चार्जिंगचा पॉइंट खातं. आधी मोबाईल बंद करा. गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा, सिमकार्ड काढा, पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या. पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळात ठेवू नका, पीठ आणि कण आत जातात.

फोटो पुढे पाठवताना

वादळाच्या दिवसांत जुने फोटो ‘आत्ताचे’ म्हणून ग्रुपवर फिरतात. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळाचे फोटो अजून अनेकांच्या मोबाईलमध्ये आहेत. त्यामुळे घरचे लोक घाबरतात आणि खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होतं. फोटोखाली गाव, तारीख आणि वेळ लिहाच. होडीचं किंवा घराचं नुकसान दाखवायचं असेल, तर व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसं केल्यावर फोटोची प्रत घसरत नाही आणि तारीख-वेळेची नोंदही सोबत राहते. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका.