मरणाचे सोंग

रावण सीतेपुढे आला तो योद्ध्याच्या वेषात नव्हे, तर भिक्षेकऱ्याच्या वेषात. तिने त्याला विन्मुख धाडले नाही, याचे कारण तिचा गाफीलपणा नसून तिचा अतिथिधर्म होय. आपल्या शरीरातही असाच प्रकार घडतो. मात्र तेथे रोगजंतू भिक्षेकऱ्याचे नव्हे, तर मृताचे सोंग घेतात.

श्रोतेहो, आपल्या देहातील अब्जावधी पेशी रोज मरतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हे मरण अपघाती नसते. पिकले पान देठापासून गळावे तसे ते ठरलेले व शांत असते. म्हणूनच १९७२ साली कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी त्यासाठी पाने गळण्याच्या अर्थाचा ग्रीक शब्द योजला : ॲपॉप्टोसिस. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचे एक स्निग्ध द्रव्य जिवंत पेशीच्या आवरणाच्या आतल्या अंगास असते; पेशी मरू लागली की ते बाहेरच्या अंगास येते. ही खूण पटताच भक्षक पेशी तिला गिळून टाकतात, आणि विशेष हे की, त्या वेळी त्या धोक्याची हाकाटी करीत नाहीत. रोजच्या मरणावर रोज नगारा वाजू लागला, तर शरीराला स्वस्थता कशी लाभावी?

हीच सोय शत्रूच्या पथ्यावर पडते. देवीच्या लशीत वापरला गेलेला व्हॅक्सिनिया विषाणू आपल्या आवरणावर हेच द्रव्य बाळगतो आणि पेशी त्याला मृत पेशीचा अवशेष समजून आत ओढून घेते, असे मर्सर व हेलेनियस यांनी २००८ साली दाखविले. डेंग्यूचा विषाणूही याच खुणेच्या आधारे पेशीत शिरू शकतो, हे २०१२ साली आढळले. काळा आजाराचा परोपजीवी लीशमॅनिया तर अधिकच धूर्त. तो प्रथम ज्या पांढऱ्या पेशीत शिरतो ती मरणाला टेकली, की भक्षक पेशी तिला नित्याप्रमाणे गिळते आणि तिच्यासह आत आलेला जंतू तेथे सुखाने वंशविस्तार करतो.

परंतु मरणाची भाषा केवळ सोंगापुरतीच वापरली जाते असे नाही. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा येथे तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. तो बरीच वर्षे विस्मृतीत राहिला. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा त्याचे उग्र रूप दिसले. मेंदूच्या पेशींवर मृत्यूची आज्ञा स्वीकारणारी 'फास' नावाची एक कळ असते. चांदीपुरा विषाणूच्या संसर्गात हीच कळ दाबली जाऊन त्या पेशी मरतात, असे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली मांडले.

मग ही खूणच पुसून टाकावी काय? ते शक्य नाही. तिच्यावाचून शरीराची रोजची सफाई अडेल. चांदीपुरा रोगावर अद्याप खास औषध वा प्रचलित लस नाही, म्हणून खरी चौकी बाहेरच बसविली पाहिजे. हा विषाणू वाळूमाशी पसरविते. ही माशी डासाहूनही लहान असते. जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई असो वा नागपूरजवळचे चांदीपुरा, मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातील ओलसर कोपरे हेच तिला मानवणारे ठिकाण. भेगा लिंपणे, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवणे, मुलांना अंगभर कपडे घालणे व बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजविणे हे उपाय साधे आहेत, पण मोलाचे आहेत. आणि तापलेल्या मुलास झटके आले, ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा शुद्ध हरपू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्यास रुग्णालयात न्यावे. या आजारात काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.