माणगंगेचे कागद

सकाळी साडेनऊ

वाचकांसाठी दार दहाला उघडतं. संदर्भ विभागात मी अर्धा तास आधी येते, कारण आदल्या दिवशी टेबलांवर राहिलेले खंड मला स्वतः जागेवर लावायचे असतात. चुकीच्या फळीवर गेलेला ग्रंथ हरवल्यातच जमा. कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग मात्र तो ‘उपलब्ध’ असल्याचं सांगत राहतो, आणि वाचक आमच्याकडे संशयाने बघतात.

कालचा ढीग एकाच वाचकाने मागवलेला होता आणि विषयही एकच होता, पाणी. तरी लावताना सगळी खोली पालथी घालावी लागली. ड्यूईच्या वर्गीकरणात भूगोल ९१०ला, नकाशे आणि ॲटलास ९१२ला, महाराष्ट्राचं वर्णन ९१५.४७९२ला. पण पाऊस ५५१.५७७, म्हणजे भूशास्त्राच्या शेजारी. जलसंपत्ती ३३३.९१ला, अर्थशास्त्रात. दुष्काळ ३६३.८ला, समाजसेवेच्या रांगेत. धरणं ६२७ला, इंजिनिअरिंगच्या रॅकवर. भूगोलाचे विद्यार्थी आल्या आल्या ‘भूगोलाचं कपाट कुठंय?’ असं विचारतात. मी ते दाखवते आणि तिथे तुमच्या कामाचं थोडंच सापडेल, हेही सांगून ठेवते.

दहा

पहिले आले एक निवृत्त इंजिनिअर. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याच्या पेठांत पाणी कुठवर चढलं, याचा नकाशा त्यांना हवा होता. त्यांना त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांचा बांधीव खंड काढून दिला आणि शेजारी शहराचा जुना नकाशा पसरला. बातमीतलं ‘पाणी अमुक चौकापर्यंत आलं’ आणि पाटबंधारे खात्याची पूररेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं सांगितलं. ते म्हणाले, “मला चौकच हवाय, रेषा नको.” मग काही अडलं नाही. दुपारपर्यंत ते वहीत टिपत बसले होते.

अकरा

दिवसाचं खरं काम अकराला आलं. सांगोल्याची मुलगी, पीएच.डी.ला नुकतीच नाव घातलेली. विषय माण नदीच्या, म्हणजे माणगंगेच्या, खोऱ्यातले तलाव आणि पाणीटंचाई.

“मॅडम, माणगंगेवर काहीच लिहिलेलं नाहीये.”

“काय टाकून शोधलंस?”

तिने नदीचं नाव रोमन लिपीत टाकलं होतं. म्हणजे जगातल्या समस्त पुरुषजातीवरचं संशोधन तिच्यासमोर येऊन पडलं होतं आणि त्यात आमची नदी बुडाली होती. माणसोबत भीमा, म्हसवड, सांगोला, सातारा यांतलं काहीतरी जोडल्याशिवाय या नदीचा माग लागत नाही. ही अडचण पाच मिनिटांत सुटली. दुसरी अडचण मोठी होती.

मी कागदावर नदी काढली. साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम, तिथून म्हसवड, मग आटपाडीच्या बाजूने सांगोला, पुढे मंगळवेढ्याचा मुलूख आणि पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेशी संगम. आज हे तीन जिल्हे होतात: सातारा, सांगली, सोलापूर. नदी एकच आहे, पण तिच्याबद्दलचे सरकारी कागद जिल्ह्याजिल्ह्यांत वाटले गेलेत. संशोधक खोऱ्याचा विचार करतो आणि कपाटात खोऱ्याच्या नावाने जवळजवळ काही नसतं.

मागे जावं तर गुंता वाढतो. मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर १८७७ ते १९०४ या काळात जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालं. त्यातला साताऱ्याचा एकोणिसावा खंड १८८५चा, सोलापूरचा विसावा १८८४चा. माण तालुका पहिल्यात आहे, सांगोला आणि पंढरपूर दुसऱ्यात. आटपाडी मात्र तेव्हा औंध संस्थानात होती आणि मंगळवेढं सांगली संस्थानात. सांगलीसारख्या जहागिरींची हकिकत शोधायला कोल्हापूरचा चोविसावा खंड उघडावा लागतो. इंग्रजी जिल्ह्यांच्या तक्त्यांत विहिरी, बैल, ज्वारीचे एकर सगळं मोजलेलं असतं, पण संस्थानी गावं त्या बेरजेत येत नाहीत. खोऱ्याच्या नकाशावर हे आकडे भरले तर मधला तुकडा कोरा राहतो आणि खालच्या अंगालाही भोक पडतं. तिथे विहिरी नव्हत्या असा त्याचा अर्थ नाही, मोजणारा दुसरा होता.

हे कळलं नाही की लोक बिनदिक्कत १८८१ची सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १९६१च्या शेजारी मांडून वाढीचा दर काढतात. मधल्या काळात संस्थानं विलीन झाली, १९४९ला दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला, १९६०ला त्याचं नाव सांगली झालं आणि मंगळवेढं सोलापुरात आलं. नाव तेच राहिलं, जमीन बदलली. असे प्रबंध मी पाहिलेत आणि त्यांना पदव्या मिळालेल्याही पाहिल्यात.

तिच्यासमोर तिन्ही खंड ठेवले आणि सांगितलं, आज काही उतरवून घेऊ नकोस. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर कुठली हद्द लिहिलीय आणि कुठलं साल, एवढंच टिप. हे खंड राज्याच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावरही ठेवलेत, पण पडद्यावर माणूस थेट शोधलेल्या शब्दावर उडी मारतो आणि तक्त्याचा मथळा वर राहून जातो.

बारा

नकाशांचे खण उथळ आणि रुंद असतात. ते ओढायला दोघं लागतात, म्हणून मामांना हाक मारली. आमचे मामा नकाशा उचलायला कागदाखाली पुठ्ठा सरकवतात. जुन्या कापडी शीटची घडी नेमकी कुठे फाटते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

टोपोशीटचा क्रमांक पाठ करायची गरज नसते, तो गणिताने काढता येतो. ४७ क्रमांकाचं मोठं शीट रेखांश ७२ ते ७६ आणि अक्षांश १६ ते २०. त्याचे एकेका अंशाचे सोळा चौकोन, वरून खाली ए, बी, सी, डी असे उतरत आणि मग शेजारच्या रांगेत पुन्हा वरून. प्रत्येक चौकोनाचे परत पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्याच क्रमाने. त्या तुकड्याचं शीट १:५०,००० प्रमाणाचं. दहिवडी ४७ के/१० वर येते, म्हसवड ४७ के/१४, आटपाडी ४७ के/१५, सांगोला ४७ ओ/३. सांगोल्याचं तिने स्वतः काढलं आणि खूष झाली. २००५च्या नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुली मालिका काढली. तिचे क्रमांक आणि प्रक्षेपण दोन्ही वेगळे आहेत, त्यामुळे जुनं शीट नव्यावर ठेवून तलावाची कड जुळवायला गेलं तर ती हलते. तलाव हलला, असं निरीक्षण लिहून मोकळं होणारेही असतात.

आमच्याकडे म्हसवडचं इंच-मैल काळातलं शीट आहे. त्यात उंची फुटांत. नव्यात वीस मीटरच्या समोच्च रेषा. नाले मात्र जुन्यात जास्त बारकाईने काढलेत असं माझं मत आहे, ते मी तिला मत म्हणूनच सांगितलं.

एक

डबा. देवघेवीच्या काउंटरवरची मैत्रीण म्हणाली, “माण म्हणतेस तर तिला ‘बनगरवाडी’ दे की.” व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, औंध संस्थानातल्या माणदेशातली. ती संदर्भग्रंथ नाही, तिच्यातून तक्ता निघत नाही. पण पाऊस न झाल्यावर मेंढरांसह वस्ती उठते, हे वाचलं की प्रश्न पडतो: ती मेंढरं कुठल्या वाटेने कुठे जात? एकाही जनगणना पुस्तिकेत ते नाही. आटपाडीजवळच औंध संस्थानाने १९३९ला स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली. कैद्यांना तिथे भिंतीशिवाय शेतीवर ठेवलं. तिथे शेतीला पाणी कुठून आलं, हाही भूगोलाचाच प्रश्न. कादंबरी तिच्या ढिगाऱ्यात ठेवली, पण सगळ्यात खाली.

दोन

पावसाकडे वळलो. इथे मी जरा चिकट होते, कारण टंचाईच्या प्रबंधात पावसाचे आकडे सगळ्यात सहज मिळतात आणि सगळ्यात कमी तपासले जातात. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचे १९०१पासूनचे दैनिक पावसाचे ग्रिड आकडे संकेतस्थळावरून उतरवता येतात. चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटरचा. माण तालुक्यात असे चौकोन किती बसणार? एकाच चौकोनात डोंगर आणि त्याच्या आडोशाची कोरडी पट्टी दोन्ही सामावतात आणि सरासरी दोघांपैकी कोणाचीच राहत नाही. तलाव कधी भरला हे बघायचं तर प्रत्यक्ष पर्जन्यमापकाचे आकडे हवेत, आणि त्यासाठी तिथल्या राष्ट्रीय डेटा केंद्राकडे रीतसर मागणी करावी लागते. अलीकडची वर्षं हवी असतील तर कृषी विभागाच्या ‘महारेन’वर महसूल मंडळापर्यंतचे आकडे असतात.

जुन्या पावसासाठी मी एकच पुस्तक काढलं: हॅरल्ड मॅन यांचं, मुंबई दख्खनमधला पाऊस आणि दुष्काळ यांवरचं, १९५५चं. त्यात १८६५ ते १९३८ या काळाचा पाऊस तपासलाय. हेच मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ला छापली गेली. आज तिथे आयटीवाल्यांच्या इमारती आहेत. तिला लेखकाचं नाव सांगितलं तेव्हा ती हसली, “म्हणजे हेही सर्चमध्ये बुडणार.”

साडेतीन

एका प्राध्यापकांचा फोन, अमुक नियतकालिक मान्यताप्राप्त यादीत आहे का. आहे किंवा नाही, एवढंच उत्तर असतं. ते शोधायला दहा मिनिटं आणि त्यांची यादीबद्दलची तक्रार ऐकायला वीस.

चार

ती ‘शोधगंगे’तून आठ प्रबंध उतरवून घेऊन आली. शोधगंगा ही इन्फ्लिबनेटने सांभाळलेली प्रबंधांची साठवण, आणि आमच्या विषयात तिच्यावर ‘अमुक जिल्ह्याचा भौगोलिक अभ्यास’ या एका मथळ्याचं राज्य आहे. मी तिला प्रबंध उलटे वाचायला शिकवलं: आधी संदर्भसूची, मग तक्त्यांखालची ‘स्रोत’ ही ओळ, पटलं तरच प्रकरण. प्रबंधातला तक्ता उचलू नये, तो ज्या अहवालातून आला तिथे जावं.

बहुतेक सूचींत दोन अहवाल होते, आणि तिला ते आमच्या कॅटलॉगमध्ये सापडत नव्हते. पहिला दुष्काळी भागांची पाहणी करणाऱ्या सुखटणकर समितीचा, १९७३चा. दुसरा चितळे आयोगाचा, १९९९चा. सरकारी अहवाल लोक अध्यक्षाच्या नावाने ओळखतात, कॅटलॉगमध्ये मात्र लेखक म्हणून खातं किंवा आयोग असतो. ‘चितळे’ टाकलं की निराळंच काहीतरी येतं. ‘महाराष्ट्र जल व सिंचन आयोग’ टाकलं की खंड दिसतात.

आणि इथे तिचा चेहरा उजळला. चितळे आयोगाने राज्याची मांडणी जिल्ह्यांऐवजी उपखोऱ्यांनुसार केली आहे. सकाळपासून पहिल्यांदाच एखाद्या कागदाला तिच्या नदीचा आकार होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही असंच करते. तिचे पाणलोट क्षेत्रांचे क्रमांक खोऱ्यावरून पडतात, भीमेच्या खोऱ्यातल्यांना बीएम. हे क्रमांक आणि जनगणनेतली गावं यांची सांगड घालणारा तक्ता कोणी आयता देत नाही, तो तिलाच करावा लागेल. निम्मं वर्ष त्यातच जाईल. भूगोलाचा प्रबंध म्हणजे बराचसा हाच तक्ता, असं मला वाटतं. बाकीची प्रकरणं त्याच्यावर उभी राहतात.

पाच

पत्र लिहायला घेतलं. तालुक्यांचे जुने सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे तीस वर्षांसाठी शेतसारा ठरवताना इंग्रज अधिकाऱ्याने गावोगाव केलेली पाहणी, मुंबई सरकारच्या ‘सिलेक्शन्स’ मालिकेत छापले आहेत. पाऊस, विहिरी, पिकं, बाजारभाव, आठवडी बाजार, सारं त्यांत असतं. आमच्याकडे ती मालिका तुटक आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाची मुळं भारत सेवक समाजाच्या १९०५च्या ग्रंथसंग्रहात आहेत आणि जुन्या सरकारी प्रकाशनांसाठी पुण्यात आधी तिकडेच जावं. ‘विद्यार्थिनीस सहकार्य करावे’ असं पत्र निरुपयोगी असतं. मालिकेचं नाव, तालुका, दशक आणि पर्यायी स्पेलिंगं लिहिली की समोरचा ग्रंथपाल थेट फळीकडे चालू लागतो. संस्थानांच्या वार्षिक प्रशासन अहवालांची ओळ वेगळी घातली, आणि मंगळवेढ्यासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराचंही नाव पत्राच्या मागे लिहिलं.

पावणेसहा

ती अजून जागेवरच होती. “मॅडम, सगळं खोरं आणि सगळा काळ जमणार नाही, ना?”

नाही जमणार. सगळं खोरं हवं तर १९५१पासून पुढे ये. तेव्हापासून गावनिहाय आकडे छापील जिल्हा पुस्तिकांत आहेत आणि संस्थानांची भोकं नाहीत. जुना काळ हवा तर खोरं सोड आणि इंग्रजी अमलातले तालुके घे. माझं काम इथवर, पुढचं तुझ्या गाइडनी ठरवायचं.

“सांगोला आमचं गाव आहे. तलावही जुनेच बघायचेत.”

“मग माण आणि सांगोला, १८६५ ते १९३८. मॅनचा पाऊस तेवढाच पुरतो. आणि सांगोल्याचं केंद्र त्यात आहे का, ते आत्ताच बघून घे. मामांनी दिवे घालवायला अजून दहा मिनिटं आहेत.”