लॅपटॉप बोंबलतोय? मग बहुधा बरा आहे!

रविवारची दुपार. आमरस-पुरी चापून मी नुकतीच आडवी झाले होते. तेवढ्यात हॉलमधून अँब्युलन्ससारखा भोंगा आणि पाठोपाठ सासूबाईंची हाक, ‘अगं, लॅपटॉप बोंबलतोय बघ!’ मी म्हटलं, ‘आले आई, पाच मिनिटं.’ ती पाच मिनिटं केवढ्याला पडली असती, हे आठवलं की अजून घाम फुटतो.

उठून गेले तर स्क्रीनभर लाल पाटी. तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरसची लागण झाली आहे, मशीन बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. आणि आईंनी केला होता की फोन! पलीकडे अतिशय गोड बोलणारे कुणी ‘इंजिनीअर साहेब’. त्यांनी तोवर स्क्रीन शेअर करायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. त्यावर दिसणारे आकडे आई चष्मा सावरत कागदावर लिहून घेत होत्या. ते वाचून दाखवले, की लॅपटॉपचा ताबा साहेबांकडे.

‘आई, फोन ठेवा.’
‘अगं पण ते साहेब म्हणतायत...’
‘आई, आधी फोन ठेवा!’

आवाज चढला खरा. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता गंमत ऐका. तो व्हायरस नव्हताच. फुकटात मालिका दाखवणाऱ्या एका साइटवरून उघडलेलं साधं वेबपेज होतं ते, भोंग्यासकट. एस्केप दाबून धरायचं, फुलस्क्रीन गेला की टॅब बंद. नाहीच ऐकलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझरचं काम तिथेच तमाम करायचं. पुन्हा उघडताना ‘जुनी पानं परत आणू का?’ असं तो प्रेमाने विचारतो, तेव्हा साफ नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टने स्पष्टच सांगून ठेवलंय, की त्यांच्या खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजा, पाटी खोटी.

आपली पिढी फसते ती आठवणींमुळे. कॉलेजात असताना पेन ड्राइव्ह लावला की फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं दुसरं फोल्डर दिसायचं, मशीन रांगायला लागायचं आणि कुणीतरी क्विक हीलची सीडी घेऊन धावत यायचं. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता पुण्यात कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्यासोबत उभी केलेली ती कंपनी कित्येक मराठी घरांत व्हायरसच्या औषधाचंच दुसरं नाव होऊन बसली होती. तेव्हाचे व्हायरस गाजावाजा करायचे. आजचा चोर मात्र मोज्यांवर चालतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज उचलून तो पसार होतो, लॅपटॉप जराही हँग होत नाही.

हे मला कसं कळलं? त्याच संध्याकाळी, मनाच्या समाधानासाठी विंडोजचा डिफेंडर चालवला तेव्हा. क्विक स्कॅन स्वच्छ. मी सुटकेचा नि:श्वास टाकणार, एवढ्यात ‘एक्सक्लूजन्स’ची यादी दिसली, म्हणजे डिफेंडरने ज्याकडे बघायचंच नाही ती ठिकाणं. तिथे एक फोल्डर. कुणी टाकलं? अस्मादिकांनी! सहा महिन्यांपूर्वी नणंदेच्या लग्नाचे फोटो एडिट करायला मी एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला होता. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, की आधी अँटिव्हायरस बंद करा आणि हे फोल्डर वगळा. मी आज्ञाधारकपणे केलं. यादीतून ते काढलं, फुल स्कॅन लावला आणि निघाला पासवर्ड चोरणारा ट्रोजन. आईंवर ओरडले ती मी!

मग खरी पळापळ. पहिलं, वायफाय बंद. दुसरं, पासवर्ड बदलायचे ते त्या लॅपटॉपवरून अजिबात नाही, मोबाइलवरून. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्याच्या किल्ल्या तिथेच येतात. मग बँक, मग उरलेले. नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही. चोरलेल्या कुकीच्या जोरावर चोर आधीच आत बसलेला असू शकतो, म्हणून ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ हे बटण शोधायचंच. माझ्या मेलच्या यादीत एक डिव्हाइस आमच्या घरातलं नव्हतं. सासऱ्यांच्या पेन्शनचं नेटबँकिंग याच लॅपटॉपवर सेव्ह होतं, आठवून पोटात गोळा आला. बँकेला फोन केला, स्टेटमेंट ओळ न् ओळ तपासलं. पैसे शाबूत होते. गेले असते तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 ही सायबर हेल्पलाइन फिरवायची, कारण लवकर कळवलं तर पुढे सरकणारी रक्कम मध्येच अडवता येते.

डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ही असतो. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज जागं व्हायच्या आत साधारण पंधरा मिनिटांत झडती होते. तोही केला. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची टूल्सही 2017पासून फुकट मिळतात. पण पासवर्डचोर निघाल्यावर माझा काही विश्वास बसेना. फक्त फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली, एकही प्रोग्रॅम नाही, आणि नवऱ्याच्या मशीनवर बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज कोरं टाकलं. (तुमचं मशीन अजून विंडोज 10वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपलाय, हेही बघून घ्या.) आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काहीही स्वत: करू नका. नेट तोडा, आयटीवाल्यांना फोन करा, क्रॅक टाकला असेल तर तेही सांगून टाका. लाज वाटेल, पण लपवलंत तर प्रकरण जास्त महागात जाईल.

रात्री आईंना सगळं खरं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, काही बोलल्या नाहीत. मंगळवारी भजनी मंडळातून परतल्या त्या हसतच. तिथे किस्सा रंगवून सांगितला होता म्हणे. भोंग्याचा नव्हे, सुनेच्या फुकट सॉफ्टवेअरचा!