कोल्हापुरात जन्मलेला एक विद्यार्थी

मुलगा कॉलेजात गेला की देवाधर्मापासून दुरावतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कुठे देवघराकडे पाठ फिरते, तर ख्रिस्ती घरात रविवारची उपासना चुकू लागते. चार पुस्तके वाचून शंका फुटतात, मित्र थट्टा करतात आणि आईबापांकडून आलेली श्रद्धा आपली की उसनी, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाला स्वतःच्या वागण्याने उत्तर देणारा एक विद्यार्थी जन्माने कोल्हापूरकर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याचे नाव रॉबर्ट वायल्डर. त्याचे वडील, रेव्हरंड रॉयल वायल्डर, १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी तेथे मिशनचे काम सुरू केले. १८६३ साली रॉबर्टचा जन्म कोल्हापुरातच झाला. पुढे वडिलांची प्रकृती ढासळली आणि कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊन राहिले. तिथल्या कॉलेजात रॉबर्ट शिकू लागला.

१८८३ साली त्याने काही सोबत्यांना घेऊन एक लहानशी मंडळी स्थापन केली. परदेशी जाऊन मिशनचे काम करण्याची आपली तयारी आहे, असे तिचे सभासद लिहून देत. रविवारी दुपारी वायल्डरांच्या घरी ही मुले जमत. बैठक चालू असताना रॉबर्टची बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत त्यांच्यासाठी प्रार्थना करीत बसे. थाटमाट काही नाही. घरातली एक खोली आणि मूठभर मुले!

१८८६ साली रॉबर्ट पदवीधर झाला. त्याच उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे सुप्रसिद्ध धर्मोपदेशक मूडी यांच्या शिबिराला सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले होते. शिबीर संपले तेव्हा त्यांतल्या शंभर जणांनी आपली नावे दिली होती.

आता कॉलेजा-कॉलेजांतून हिंडून हा विचार पोचवायचा होता. पण घरी वडील अंथरुणाला खिळलेले. ते फार दिवसांचे सोबती नव्हते. मुलाने जायचे की उशाशी बसायचे? कोणत्याही मुलाला हा पेच सुटणे कठीण. शेवटी वडिलांनीच त्याला जायला सांगितले. लाहोरच्या एका मिशनऱ्याचा मुलगा, जॉन फॉरमन, याच्यासह रॉबर्टने वर्षभर दौरा केला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. १८८७ साली वडील वारले. १८८८ मध्ये या प्रयत्नातून विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ रीतसर उभी राहिली. तिच्यातून पुढे वीस हजारांवर माणसे परदेशी गेली.

ग्रेस मात्र केवळ प्रार्थना करून थांबली नाही. वडील गेल्यावर ती आईसह कोल्हापूरला परत आली आणि पुढे इस्लामपूरच्या खेड्यापाड्यांत तिने काम केले. रॉबर्टही हिंदुस्थानात आला आणि विद्यार्थ्यांमध्ये वावरला.

एका पिढीत साऱ्या जगाला आपला धर्म सांगण्याची या तरुणांची आकांक्षा सर्वांना पटेल असे नाही. त्या काळी राज्य परक्यांचे होते, हेही विसरता येत नाही. शिवाय नाव देणारे पुष्कळ, प्रत्यक्ष जाणारे थोडे, हा अनुभव त्या चळवळीलाही आलाच. पण श्रद्धेसाठी काहीतरी सोडावे लागते, हा धडा कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा आहे.

कोल्हापुरात तर त्याला चांगली जमीन मिळाली. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. १९१५ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह निघाले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले. तिथे शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलाला आज समुद्र ओलांडायला नको. परीक्षेत कॉपीला नकार देणे, मागे पडलेल्या सोबत्याला रात्री बसून शिकवणे, थट्टा झाली तरी कडवट न होणे, हीच त्याची उपासना. चर्चमधले गीत अर्ध्या तासात संपते. खरी कसोटी सोमवारी सकाळी वर्गात लागते.